डॉल्फिनच्या पाठीचा पर मुळाशी का तडकतो आणि खाडीच्या निळाईत केसचिरा का पडतात

डॉल्फिनच्या खाडीचे मातीचे तबक साधारण असे असते: ३० ते ३५ सेंमी रुंद, तीन बाजूंनी डोंगरासारखी उचललेली कड, चौथ्या बाजूला समुद्राकडे उघडणारे तोंड, मधे निळे-हिरवे पाणी आणि त्या पाण्यात एकमेकांना लगटून विसावलेले चार-सहा डॉल्फिन. बेळगावजवळच्या खानापूरच्या लाल मातीत हे काम सुरेख उतरते. पण दोन तक्रारी दर वर्षी परत येतात. हिवाळ्यात पाठीचा पर मुळाशी तडकतो, आणि उन्हाळ्यात भट्टीतून नितळ निघालेले पाणी पावसाळ्यात केसचिरांनी भरून जाते. दोन्हींचे खापर भट्टीवर फुटते. पहिल्या दुखण्यात भट्टीचा दोष क्वचित असतो. दुसऱ्यात असतो, पण तो ग्लेझच्या (वरच्या काचेसारख्या लेपाच्या) भाजणीत शोधला जातो आणि असतो बहुधा त्याच्या आधीच्या, कच्च्या राहिलेल्या भाजणीत.

आधी तडा नीट पाहा

तडा कुठे रुंद आणि कुठे बारीक आहे, यावरून तो कधी गेला ते कळते. पराच्या मुळाची दोन्ही टोके उघडलेली आणि मधला भाग अजून चिकटलेला असेल, तर पर शरीरापेक्षा लवकर सुकला. पर अख्खा सुटून हातात आला आणि तुटलेली बाजू गुळगुळीत असेल, तर सांधा कधी जुळलाच नव्हता. पर उडाला आणि जागी वाटीसारखा खळगा उरला, तर आत पाणी होते व त्याची वाफ झाली. खळग्याच्या तळाशी पांढरा दाणा दिसला, तर तो चुना. हा खळगा भाजणीनंतर काही दिवसांनी, कधी कधी आठवड्यांनीही पडतो.

ग्लेझ दिल्यानंतर दिसलेल्या तड्यावर बोट फिरवा. कडा गोलसर आणि ग्लेझ तड्यात ओघळलेले असेल, तर तडा ग्लेझ वितळण्याआधीचा. म्हणजे बिस्कमध्ये (ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीत) तो होताच, दिसला नाही एवढेच. कडा काचेसारख्या धारदार असतील, तर तडा थंड होताना गेला. भट्टी लवकर उघडली किंवा तळात ग्लेझ फार जाड साचले, ही त्याची नेहमीची दोन कारणे.

बिस्कमधला बारीक तडा पकडायचा असेल तर पराच्या मुळाशी पाण्यात पातळ केलेल्या शाईचा ब्रश फिरवा आणि लगेच पुसा. तडा असेल तर काळी रेघ उरते. शाई पुढच्या भाजणीत जळून जाते.

पर तडकतो त्याचे गणित

आपल्या भागातली लाल माती सुकताना साधारण ५ ते ८ टक्के आकसते. तुमच्या मातीचा आकडा तुम्हीच काढा: १२ × ४ × १ सेंमीची पट्टी करा, ओली असताना तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि पूर्ण सुकल्यावर रेघ मोजा. ९३ मिमी भरली तर आकुंचन ७ टक्के.

आता पराचे मूळ ४ सेंमी लांब आहे असे धरा. ५ मिमी जाडीचा पर डिसेंबरच्या कोरड्या वाऱ्यात एका दिवसात सुकतो. तो ७ टक्क्यांनी म्हणजे २.८ मिमी आखडला. खालचे शरीर २ सेंमी जाड आणि अजून ओले, ते एका टक्क्याने म्हणजे ०.४ मिमीच आखडले. उरलेले २.४ मिमी कुठून तरी निघणारच, आणि ते मुळाच्या दोन टोकांतून निघतात. सांध्याला कितीही घट्ट चिखल लावा, ही ओढ त्याला पेलत नाही. म्हणून ‘सांध्याला अजून राबडी (मातीचा पातळ चिखल) लावा’ हा सल्ला अर्ध्याहून जास्त वेळा वाया जातो. उलट पातळ राबडी स्वतः जास्त आखडते आणि सांधा आणखी कमजोर करते.

पर जोडू नका, पाठीतूनच काढा

इथे विषयाचा स्वभावच मदतीला येतो. खाडीत विसावणारे डॉल्फिन म्हणजे मुख्यतः स्पिनर जातीचे. रात्री ते खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा आडोशाच्या, उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात येतात. हवाईतील केआलाकेकुआची खाडी आणि लाल समुद्रातला मार्सा आलमजवळचा घोड्याच्या नालेसारखा सामदाई प्रवाळकट्टा ही त्यांची प्रसिद्ध विश्रांतीची ठिकाणे. विसाव्यात उड्या जवळपास थांबतात, थवा घट्ट होतो, सगळे एका दिशेने संथ सरकतात आणि श्वासाला बरोबरीने वर येतात. मेंदूचा एक अर्धा भाग झोपतो, दुसरा जागा राहतो. ही झोप मोडू नये म्हणून हवाईत २०२१ पासून त्यांच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जायला बंदी आहे.

कामाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. उडी मारणारा डॉल्फिन अधांतरी लागतो, त्याला सुटी शेपटी आणि सुटे पर लागतात. विसावलेल्याची फक्त पाठ, डोके आणि पर पाण्यावर दिसतो. पोट पाण्यात, म्हणजे तबकाच्या तळात. मग अख्खी आकृती वेगळी करून चिकटवायची गरज उरत नाही.

तळाची पोळी १२ ते १४ मिमी जाड लाटा आणि दोन दिशांनी लाटा, एकाच दिशेने नको. पोळी हाताला चिकटेनाशी झाली पण वाकवता येते, अशा वेळी ती मऊ स्पंजाच्या गादीवर उलटी ठेवा. डॉल्फिनच्या जागी खालच्या बाजूने चमच्याच्या पाठीने किंवा अंगठ्याने हळूहळू दाबत खोलगट करा. एका वेळी २ ते ३ मिमीपेक्षा जास्त नको. सुलट केली की पाठ फुगलेली दिसेल. उंची १५ ते १८ मिमी पुरे. पोकळीत ओल्या वर्तमानपत्राचा बोळा भरून ठेवा म्हणजे पाठ बसत नाही. कागद भट्टीत जळून जातो. पोकळी खालून उघडीच ठेवा, बंद करायची असेल तर सुईने छिद्र हवेच.

मग त्या पाठीतूनच पर चिमटीने वर काढा. मुळाशी १२ मिमी, शेंड्याला ४ मिमी, उंची २ सेंमीच्या आत. माती कमी पडली तर पाठ फुगवण्याआधीच त्या जागी पोळीत ५ मिमीची चकती दाबून बसवा. पराला आकार देताना कारवारच्या समुद्रात दिसणारा कुबडाचा डॉल्फिन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पाठीवर आधी रुंद उंचवटा असतो आणि त्यावर छोटा पर. स्पिनरला असे कुबड नसते, त्याचा पर सरळ त्रिकोणी असतो. तरी मुळाशी एवढा उतार दिला तर जात बिघडत नाही आणि तडा जात नाही. काटकोनात उभा केलेला पर मात्र हमखास दगा देतो.

जोडावाच लागला तर दोन्ही भाग सारखे ओले हवेत, हा एकच नियम महत्त्वाचा. नख रुतेल पण बोटाचा ठसा उमटणार नाही, अशा अवस्थेत दोन्ही बाजूंना २ मिमी खोल आडव्या-तिडव्या रेघा मारा. त्याच मातीची सुकी भुकटी व्हिनेगरमध्ये दह्याइतकी घट्ट कालवून लावा, दाबून किंचित घासा, आणि मुळाभोवती मऊ मातीची बारीक वळी फिरवून लाकडी कोरणीने दोन्हीकडे मिसळा. मग तबक एक रात्र प्लास्टिकच्या डब्यात झाकून ठेवा, म्हणजे ओल सारखी होते.

माती आणि ग्रॉग

चाकावर चालणारी गुळगुळीत माती तशीच तबकाला घेऊ नका. तिच्यात १५ ते २० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरड चुरा हवा. त्यासाठी फुटक्या मंगळुरी कौलांइतके सोयीचे दुसरे काही नाही. कौले कुटा, ३० नंबरच्या जाळीतून जाईल आणि ६० नंबरवर राहील एवढेच घ्या, आणि आधी धुऊन शेवाळ व चुना काढा. ५ किलो मातीला ८०० ग्रॅम पुरते. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडे फायर क्ले मिळते. तीही १० टक्क्यांपर्यंत चालते, पण जास्त घातली तर हजार अंशांवर ती कच्चीच राहते आणि तबक ठिसूळ होते.

अथणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि ती आकसतेही खूप. या कामाला ती मिसळू नका. लाल मातीतही खडे असल्याचा संशय असेल, तर माती पातळ करून ६० नंबरच्या जाळीतून गाळूनच घ्या. थोड्या ग्रॉगवर किंवा मातीच्या तुकड्यावर काही थेंब पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले आणि फेस आला, तर चुना आहे.

बोअरचे जड पाणी कालवणीला वापरले तर पराच्या टोकावर आणि कडांवर पांढरी बुरशीसारखी खार फुटते. ओल सर्वात वेगाने टोकातून उडते, म्हणून क्षार तिथेच येऊन साचतात आणि पुढे तिथले ग्लेझ सोलते. पावसाचे साठवलेले पाणी वापरा.

सुकवणे: हिवाळा आणि पावसाळा वेगळे

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत वारा कोरडा असतो. परांवर, चोचींवर आणि तबकाच्या पातळ कडेवर ओल्या कापडाची पट्टी आणि वर प्लास्टिक, बाकीचे तबक नुसत्या वर्तमानपत्राखाली. म्हणजे जाड भागाला सुटू द्यायचे आणि पातळ भागाला अडवायचे. पट्टी तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढा. एकूण ८ ते १० दिवस धरा. तबक थेट फरशीवर ठेवू नका. फळीवर वर्तमानपत्र आणि त्यावर चाळलेल्या वाळूचा पातळ थर टाका, म्हणजे तळ आकसताना सरकतो. कड वर उचलली जात असेल तर त्या कडेवर वाळूच्या छोट्या पुरचुंड्या ठेवा. पंखा लावू नका.

पावसाळ्यात अडचण उलटी. जूननंतर खानापूर-लोंढा पट्ट्यात तबक पंधरा दिवस ठेवले तरी हवेइतकेच सुकते, त्यापुढे नाही. ते सुकलेले दिसते, रंगही फिकट होतो, पण गालाला लावले की गार लागते. गार लागते तोवर आत पाणी आहे. ते पाणी हवेत काढण्याचा हट्ट सोडा आणि भट्टीतच काढा.

भाजणी

पावसाळ्यात भट्टीचे झाकण बोटभर उघडे ठेवून ८० ते ९० अंशांवर ४ ते ६ तास थांबा. छिद्रासमोर स्टीलची गार ताटली धरा. तिच्यावर धुके येते तोवर पुढे जाऊ नका. उन्हाळ्यात २ तास पुरतात. तिथून २०० अंशांपर्यंत तासाला ६० अंश, पुढे ५५० पर्यंत तासाला १००. ५५० ते ६०० दरम्यान परत वेग ६० वर आणा, कारण ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम फुगतो. शेवटचे तापमान १००० ते १०४० (केसचिरा पडत असतील तर किती वाढवायचे ते पुढे), तिथे २० मिनिटे. उतरताना हाच ५७३ चा टप्पा परत येतो, म्हणून ६०० च्या खाली झाकणाला हात लावू नका आणि १०० अंशांच्या आत आल्यावरच उघडा.

मधेच वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही. बिस्कमध्ये झाकण बंद ठेवा आणि वीज आली की जिथे तापमान उतरले असेल तिथून तासाला १०० ने परत चढवा. ग्लेझ वितळण्याच्या टप्प्यात वीज गेली तर तेवढाच वेळ शेवटच्या तापमानावर पुरा करा. नुसती वेळेवर चालणारी भट्टी असेल तर कोन (ठरलेल्या उष्णतेला वाकणारा छोटा सुळका) लावल्याशिवाय काम झाले की नाही ते कळणार नाही.

केसचिरा: खाडीचा निळा रंग आणि त्याची किंमत

गोड फिरोजी पाणी तांब्यापासून येते, पण फक्त सोडा भरपूर असलेल्या ग्लेझमध्ये. आणि सोडा हा ग्लेझला थंड होताना सर्वात जास्त आकसवणारा घटक आहे. माती कमी आकसते, ग्लेझ जास्त, मग ग्लेझ ताणले जाऊन फाटते. म्हणजे ज्या गोष्टीने पाणी फिरोजी होते, त्याच गोष्टीने केसचिरा पडतात. हे लक्षात घेतले नाही तर वर्षानुवर्षे भट्टीचे तापमान बदलत राहाल.

यातून दोन प्रामाणिक मार्ग निघतात. एक, केसचिरा चालतात असे ठरवणे. वाळूच्या तळावर उन्हाची जाळी पडते तशा त्या दिसतात आणि शोभेच्या तबकात वाईट दिसत नाहीत. दुसरा, तांबे सोडून झिर्कोनियम-व्हॅनेडियमचा फिरोजी स्टेन (भट्टीत टिकणारा तयार रंग) घेणे. तो बोरॉनवाल्या, कमी आकसणाऱ्या ग्लेझमध्येही रंग धरतो. सुरुवातीला हे प्रमाण घ्या: शिसेविरहित बोरॉन फ्रिट (आधी वितळवून दळलेली काच) ७५, चायना क्ले १५, क्वार्ट्झ १०, आणि वरून स्टेन ६. भाजणी १०४० ते १०६०. केसचिरा दिसल्या तर क्वार्ट्झ १०, १३, १६, १९ असे वाढवत चार चकत्या एकाच भट्टीत भाजा. चिरा थांबल्या तिथेच थांबा. जास्त घातले तर ग्लेझ पराच्या धारेवरून टवके उडवते, आणि तो दोष केसचिरांपेक्षा वाईट. धारदार टवके बोटात घुसतात.

फ्रिट घेताना शिसे नसल्याचे लेखी मागा. क्वार्ट्झ आणि रंग सुके कालवताना एन-९५ मास्क हवाच, आणि टेबल झाडायचे नाही, ओल्या कापडाने पुसायचे.

आता मे महिन्यात नितळ असलेले तबक आषाढात का चिरते ते पाहू. कमी भाजलेली माती सच्छिद्र राहते. तिच्या उघड्या पाठीतून दमट हवेतला ओलावा शिरतो आणि माती अगदी सूक्ष्म फुगते. ग्लेझ फुगत नाही. आधीच ताणलेले ग्लेझ मग टिंग-टिंग आवाज करत सुटते. त्यावर उपाय म्हणजे माती जास्त भाजणे. भाजलेला तुकडा सुका वजन करा, ५ तास पाण्यात उकळा, पुसून परत वजन करा. १०० ग्रॅमचा तुकडा ११५ भरला तर शोषण १५ टक्के, हे फार झाले. बिस्क १०४० ते १०६० ला नेऊन ते १० च्या जवळ आणा. बहुतेक लाल माती ११०० च्या पुढे वाकते किंवा फुगते, म्हणून २०-२० अंशांनीच चढा. मातीत ५ टक्के टाल्क किंवा ३०० नंबरची बारीक कॅल्शियम कार्बोनेट भुकटी घातल्यानेही ओलावा घेऊन फुगणे कमी होते. इतकी बारीक भुकटी मातीत एकजीव होते, म्हणून ती खड्यासारखी उडत नाही.

पावसाळ्याची वाट न पाहता परीक्षा घ्यायची असेल, तर ग्लेझ केलेला तुकडा जुन्या प्रेशर कुकरमध्ये जाळीवर ठेवून तासभर वाफेत ठेवा. पाणी संपणार नाही एवढे घाला, आणि तो कुकर परत स्वयंपाकाला घेऊ नका. दुसरी परीक्षा: तुकडा १५० अंशांवर तापवून बर्फाच्या पाण्यात टाका. मग शाई चोळा.

पाण्यातली जाडी हा शेवटचा मुद्दा, आणि तो सर्वात जास्त दुर्लक्षित. डॉल्फिनच्या पाठीवरचे ग्लेझ ओघळून खाडीत येते. वर १ मिमी दिलेले खाली ३ मिमी होते. म्हणून पाठीवर पातळ फवारा, खाडीत सुईने ओरखडून मोजलेला दीड मिमी, याहून जास्त नाही. बाटलीच्या काचेचा चुरा टाकून पाणी खोल दाखवण्याची पद्धत सध्या फार चालते. ती काच कोणत्याही मातीवर चिरणारच. तळ १२ मिमीपेक्षा पातळ असेल तर ती काच तळालाही फाडते. करायचेच असेल तर जाड तळावर, आणि अशा तबकात खाण्याचे काही ठेवू नका.

निळ्याखाली लाल माती असेल तर रंग मातकट येतो. त्यासाठी ओल्या तबकावरच पांढऱ्या स्लिपचे, म्हणजे पातळ मातीच्या लेपाचे दोन हात द्या: चायना क्ले ४०, बॉल क्ले २०, फेल्डस्पार २०, क्वार्ट्झ २०. स्पिनरचे तीन रंग याच स्लिपमध्ये काळा स्टेन मिसळून मिळतात. पाठीला ६ टक्के, कुशीला २, पोटाला नुसती पांढरी. सुकलेल्या तबकावर दिलेली स्लिप सोलते.

तडकलेल्याचे काय करायचे

कच्च्या मालातला तडा ओल्या मातीने बुजवू नका. ती आखडते आणि तडा परत उघडतो. तो पर काढून टाका आणि तबक पुन्हा भिजवून माती परत वापरा. बिस्कमधला तडा १ मिमीच्या आत असेल तर त्याच मातीची भाजलेली बारीक भुकटी ३ भाग आणि फ्रिट १ भाग सोडियम सिलिकेटमध्ये कालवून दाबून भरा. सोडियम सिलिकेटही फाउंड्रीवाल्यांकडे मिळते. ग्लेझनंतरच्या तड्याला परत भाजण्याचा मोह टाळा, दुसऱ्या भाजणीत तो बहुधा तळापर्यंत जातो. दोन भागांचे इपॉक्सी घ्या, त्यात तोच स्टेन मिसळा आणि तबक भिंतीवर लावा.

भिंतीवर लावताना पाठीला ओलरोधक सिलेनचे दोन हात द्या आणि दोन दिवस सुकू द्या. पश्चिमेकडून पावसाचा मारा येतो त्या उघड्या भिंतीवर हे तबक लावू नका. सिमेंटने थापू नका. टाइल अॅढेसिव्ह किंवा मागे पाडलेल्या दोन छिद्रांतून स्टीलची तार. छिद्रे कच्च्या मातीतच पाडून ठेवा, ४ मिमीची. आकसल्यावर ती साधारण साडेतीन मिमी उरतात.